मागच्या रांगेतल्या बरण्या

पुसद, रविवार, २९ ऑक्टोबर २००६

ह्यांनी कचेरीतून आणलेली बियाणे कंपनीची डायरी वर्षभर कपाटात पडून होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फुटलेलं कापसाचं बोंड छापलंय. छापील तारीख खोडून माझी घालते आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदाच काहीतरी लिहून ठेवावंसं वाटतंय.

आज इंदूबाईंकडे बचत गटाची खास बैठक झाली. त्या आमच्या अध्यक्ष, त्यांची शेती महागावच्या रस्त्याला. मागच्या वर्षीचा कापूस अजून घरातच आहे. भाव पडल्यापासून विकलाच नाही. "बसायले जागा नाई ओ, कापसालेच टेकून बसा," म्हणाल्या. आम्ही अकरा जणी ढिगाला पाठ लावून बसलो.

जानेवारीत यवतमाळला गटांचं प्रदर्शन आहे. कोणी पापड म्हणालं, कोणी शेवया. मी म्हटलं, आवळ्याचा मोरावळा करू, आणि काचेच्या बरण्यांत भरू.

"काचीच्या?" इंदूबाई म्हणाल्या. "फुटतीन ना वं कुंदाबाई."

मी सांगितलं, चिनी मातीच्या बरणीत आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, प्लॅस्टिकचा वास लागतो, पत्र्याला आवळा खातो. काच काही घेत नाही आणि काही देत नाही. सगळ्या ऐकत होत्या. घरात इतक्या लक्षपूर्वक माझं कोणी ऐकत नाही. शेवटी ठरलं, काम आमच्या घरी करायचं, कारण आमच्याकडे कोठीची खोली आहे आणि तिथं ऊन येत नाही.

ह्यांना सांगितलं. "कर, कर," म्हणाले. "माझ्या जेवणाच्या वेळा तेवढ्या सांभाळ." त्यांच्या डोक्यात सध्या बदलीचंच चाललंय. कचेरीत नवे साहेब आलेत आणि यादीत ह्यांचं नाव आहे म्हणतात. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना कुठं लांब फेकतील म्हणून धास्तावलेत.


शुक्रवार, ३ नोव्हेंबर

आज बरण्या आणल्या. सोबत रुपीबाई होती. ती गटात पावसाळ्यापासून आहे, गावाबाहेरच्या तांड्यावरची, चाळिशीची. तिच्यासारखं काम करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

दुकानदार अरुंद तोंडाच्या बरण्या गळ्यात मारत होता. मी म्हटलं, हात आत जाईल अशाच दाखवा, नाहीतर धुणार कशा आणि पुसणार कशा? मग मी एकेक बरणी उजेडात धरून बुडबुडे पाहिले. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं, कारण तिथं टवका असला तर झाकण कितीही आवळा, हवा आत जातेच. सपाट फळीवर ठेवून डुगडुगते का तेही पाहिलं. झाकणाच्या आतली रबराची चकती दाबून पाहिली.

रुपीबाईनं एक पद्धत माझ्यापेक्षा सरस काढली. प्रत्येक बरणीवर नखानं टिचकी मारायची आणि कान लावायची. "ही नोको, बाई. बद्द वाजून राह्यली." दिसायला चांगली होती ती बरणी. पाणी भरून पाहिल्यावर बुडाशी केसासारखी चीर दिसली. दुकानदारानं ती परत घेतली. नव्वद बरण्या निवडायला आम्हाला अख्खी दुपार लागली आणि दोघींनाही खूप मजा आली.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

बरण्या उकळल्या. पातेल्याच्या तळाशी जुनं लुगडं घातलं, बरण्या थंड पाण्यात ठेवूनच आच दिली. गरम पाण्यात थंड काच टाकली की तडकते. मग चिमट्यानं काढून गच्चीवर दोरखंडाच्या खाटेवर उपड्या घातल्या.

वाळायची वाट पाहताना चहा केला. रुपीबाईचा कप मी वेगळा ठेवते. सवय. ती काही म्हणत नाही.

सांगत होती, दर वर्षी दिवाळीनंतर मुकादम तांड्यावर येतो आणि सगळी ऊसतोडीला जातात. यंदा तिचा नवरा किसनसिंग गेला, ती नाही गेली. "मांगच्या साली पोटाचं आपरेशन झालं ना बाई. डाक्टर म्हने, वजं उचलशीन तं पुन्हा टाके तुटतीन. उसाची मोळी डोक्यावर घेतल्याशिवाय तं ऊसतोड व्हत नाई. अन् कापूस येचाले आता कोनी बलावत नाई. तुमचं काम भेटलं म्हनून मी राह्यली."

मला फार बरं वाटलं. आपल्यामुळे कोणाचं तरी असं भलं होतंय.


मंगळवार, २१ नोव्हेंबर

पहिला घाणा उतरला! आवळे टोचून, तुरटीच्या पाण्यात ठेवून, वाफवून दोनतारी पाकात सोडले. बरण्या उन्हात कोमट करून घेतल्या, मगच गरम मोरावळा भरला. वर अर्धं बोट जागा सोडली, काठ पुसले, झाकणं आवळली.

भरण्याआधी रुपीबाई प्रत्येक बरणीत कापसाचा बोळा फिरवत होती. मी विचारलं, हे काय? "कापसाले ओल लगेच कळते. बोळा चिकटला का परत उन्हात." दोन बरण्या तिनं परत गच्चीवर नेल्या. मला त्या कोरड्याच वाटल्या होत्या.

झाकणावरून गळ्यापर्यंत कागदाची पट्टी लावली, कणकेच्या खळीनं, वर तारीख आणि क्रमांक. कोठीतल्या मांडणीवर पुढं एक रांग, मागं एक रांग. कंदील घेऊन पाहिलं तर सगळ्या सोन्यासारख्या दिसत होत्या. ह्यांनाही बोलावून दाखवलं. बराच वेळ पाहत उभे राहिले.


शनिवार, २ डिसेंबर

आज ह्यांनी मागितली. "एक बरणी दे ना साहेबांसाठी. त्यांच्या मिसेसना मोरावळा फार आवडतो म्हणे."

मी म्हटलं, बरण्या माझ्या नाहीत, गटाच्या आहेत. प्रत्येकीवर क्रमांक आहे. साहेबांना हवा तर प्रदर्शनात घ्यावा.

"एकीनं काय होतं?"

"एकाला दिली की दुसऱ्याला द्यावी लागते. मी काय तोंड दाखवू इंदूबाईंना?"

मग हसून म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं." मला वाटलं होतं चिडतील. माणूस समजूतदार आहे, मीच कधीकधी उगाच धसका घेते.


मंगळवार, १२ डिसेंबर

घरातली साखर महिना संपायच्या आत संपली. गटाची आणि घरची मी काटेकोर वेगळी ठेवते, तरी कुठं तरी हात सैल झाला असेल.

ह्यांचा स्वभाव अलीकडे मऊ झालाय. दर मंगळवारी बैठकीला निघताना म्हणतात, "जा निवांत, घाई करू नकोस. मी आहे घरी." एकतीस वर्षांत असं म्हटल्याचं आठवत नाही. बदलीचंही टळेलसं दिसतंय. साहेब बरे बोलतात म्हणे आता.


रविवार, २४ डिसेंबर

सगळ्या नव्वद बरण्या भरून झाल्या. रुपीबाई आज मांडणी पुसत होती, मध्येच थांबली. "बाई, मांगच्या रांगेतल्या बरन्या कोनी हलोल्या का? धुयीचे गोल सरकले."

"मांजर शिरलं असेल," मी म्हटलं.

ती आणखी काही बोलणार होती पण हे पाणी प्यायला आत आले, तशी पुसायला लागली.

नंतर मीही पाहिलं. मागच्या काही बरण्यांवरच्या पट्ट्या चकचकीत, पिवळट दिसतात. आमच्या खळीच्या पट्ट्या मळकट पांढऱ्या असतात. रुपीबाईला खळ पुरली नसेल, तिनं डिंक वापरला असेल. विचारायला हवं होतं. राहून गेलं.


मंगळवार, ९ जानेवारी २००७

प्रदर्शनाला चार दिवस. सकाळी बरण्या खोक्यांत भरायला घेतल्या. पुढची रांग उत्तम. मागच्या रांगेतली पहिली बरणी हातात घेतली तर झाकण फुगलेलं. उघडलं तसा फस्सकन आवाज झाला आणि फेस माझ्या मनगटावर आला. आंबट, दारूसारखा वास. दुसरी तशीच. तिसरीत पांढरी बुरशी. बावीस बरण्या गेल्या. पाक पाण्यासारखा पातळ झाला होता. आवळेसुद्धा कमी वाटले, विरघळले असतील.

दोनतारी पाक पातळ कशानं होईल? पाण्यानं. बरण्या ओल्या भरल्या असतील, दुसरं काय? कोठीत आम्ही दोघींशिवाय कोणी जात नाही. माझ्या हातून झालं नाही हे मला पक्कं माहीत आहे.

रुपीबाई आली तेव्हा मी त्या सगळ्या बरण्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. इंदूबाई आणि आणखी दोघी आल्या होत्या.

"हे काय केलंस?"

ती वाकून पाहू लागली. "म्या ओली बरनी भरली नाई, बाई."

"मग पाणी कुठून आलं? डिंक तूच लावलास ना? घाईघाईत उरकलंस आणि मला सांगितलंही नाहीस."

"डिंक? मापाशी कुठचा डिंक?"

"खोटं बोलू नकोस!"

हे दारात उभे होते, हातात पेपर. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ह्यांना दया येईल या आशेनं पाहते आहे. हे मान खाली घालून आत गेले. माझा आवाज त्यांना सहन होत नाही.

मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. इंदूबाईंनी मान हलवली. रुपीबाईनं पदर खोचला, कोपऱ्यातली चप्पल घेतली आणि फाटकाबाहेर गेल्यावर ती घातली.

जिच्यावर सगळं सोपवलं तिनंच असं करावं.


बुधवार, १० जानेवारी

जेवण गेलं नाही. ह्यांनी स्वतः उठून ताट वाढलं. म्हणाले, "चुका होतात. पण अशा बाईच्या भरवशावर इतकं सोडायला नको होतं." खरंय. मीच भाबडी.

बावीस बरण्या मी एकटीनं घासल्या. बुरशीचा वास हाताला राहिलाय.


शनिवार, १३ जानेवारी

यवतमाळ. आमच्या टेबलावरचा मोरावळा दुपारपर्यंत संपला. एक बाई बरणी उन्हात धरून म्हणाली, "किती स्वच्छ काम आहे हो." मी धन्यवाद म्हटलं. त्या बरण्या पुसल्या कोणी, ते मनात आलं. ते मी झटकलं.


शुक्रवार, १९ जानेवारी

संध्याकाळचे सात वाजलेत. हे अजून घरी आलेले नाहीत. ते यायच्या आत लिहिते, नंतर लिहिता येणार नाही.

आज साहेबांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला मुद्दाम निरोप होता. वाण झालं, तिळगूळ झाला. मग साहेबांच्या पत्नीनं माझ्यापुढं एक वाटी ठेवली. वाटीत आवळे होते. एकेक आवळा चौदा ठिकाणी टोचलेला. मी चौदाच टोचते, आणि माझा काटा तीन नाही, दोन दातांचा आहे, माझ्या आईचा. ते टोचे मी कुठंही ओळखेन.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातचा तुम्हाला देते! श्रीकृष्णराव दर बुधवारी डबा आणून देतात. मी म्हटलं हो, मिसेसना कशाला त्रास? तर म्हणाले, ती आवडीनं करते. आमच्या ह्यांनी डायबेटीस असून सोडला नाही."

"दर बुधवारी?"

"महिनाभर तरी. संक्रांतीआधीच बंद झाला म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" आणि त्या हसल्या. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. वाटीतला एक आवळा खाल्ला.

घरी चालत आले. कोठी उघडली. मग ह्यांच्या टेबलाचा खण उघडला, तिथं कचेरीच्या डिंकाची बाटली आहे. कधीपासून आहे कोणास ठाऊक. मी खण आवरते तेव्हा दर वेळी ती बाजूला सरकवते.


शनिवार, २० जानेवारी

काल विचारलं. जेवायला बसण्याआधी, उभ्यानंच.

"किती बरण्या उघडल्यात?"

त्यांनी काय, कुठल्या, असं काहीच विचारलं नाही. टोपी खुंटीला लावली. "मोजल्या नाहीत. मागच्याच घेत होतो. एकेकीतून दोन-तीन आवळे. वाटलं, कळणार नाही."

"आणि पाक?"

"कमी दिसायला लागला म्हणून साखर पाण्यात विरघळवून वर ओतली." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "उकळायला हवी होती का?"

मला हसू येईल की काय असं वाटलं.

"मागितली असती तर मी घरचा वेगळा घाणा केला असता."

"मागितली होती मी. तू मला साहेबांना विकत घ्यायला सांगितलंस. कचेरीत असं सांगता येतं का? तुला काय कळणार, यादीत नाव असणं म्हणजे काय ते. चार वर्षं राहिलीत माझी. कुठं घेऊन जाऊ तुला या वयात? हे सगळं मी आपल्या दोघांसाठीच केलं ना?"

इथपर्यंत मी कदाचित ऐकून घेतलं असतं. आवळे ते, आवळेच. पण मी विचारलं, "रुपीबाईला मी अंगणात बोलत होते तेव्हा तुम्ही दारात होतात."

"मग?"

"तेव्हा का नाही बोललात?"

"चार बायकांसमोर? काय बोलायचं, मी चोरला म्हणून?" आणि मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखं, "हे बघ कुंदा, त्या बाईला कुठंही काम मिळेल. तिचं काय जातंय?"

एकतीस वर्षं ह्या माणसाला मी पानात वाढून मग जेवले. काल मी माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि ते बाहेर बसून राहिले.


रविवार, २८ जानेवारी

आठ दिवस काही लिहिलं नाही.

आज तांड्यावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोनतृतीयांश घरांना कुलपं. रुपीबाईच्या दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली. शेजारी एक म्हातारे, पूनमसिंग, बाजेवर उन्हात बसले होते.

"रुपी? ते तं गेली. संक्रांतीच्या दुसऱ्या रोजी मुकादमाची गाडी माघारी आलती, तिच्यात बसून गेली. पैनगंगेपल्याड, हदगावाकडं."

"पण तिला ओझं उचलायचं नव्हतं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "मंग खाईन काय, बाई?"

डोक्यात घोळतंय ते सगळं लिहून काढते. कापसाचा बोळा ती प्रत्येक बरणीत फिरवायची, माझ्या डोळ्यांसमोर. ओल असती तर पुढच्या रांगेतही असती. धुळीचे गोल तिनंच दाखवले होते. ह्यांनी मला फसवलं हे खरं. पण हे सगळं माझ्या समोर होतं आणि त्यासाठी मला कोणी फसवायची गरज नव्हती. ती तांड्यावरची होती, एवढं मला पुरलं.


रविवार, ४ फेब्रुवारी

पहाटेची उमरखेड गाडी, तिथून हदगावची, पुढं विचारत विचारत ट्रॅक्टरवर. उसाच्या फडाकडेला पाचटाच्या पंधरा-वीस झोपड्या. किसनसिंग कोयता घेऊन फडात होता. रुपीबाई झोपडीबाहेर मोळ्या बांधत होती. उभी राहिली तेव्हा एक हात पोटावर दाबून उभी राहिली. नऊवारीवरून पोटाला फडकं घट्ट आवळलेलं.

मी सगळं सांगितलं. साहेबांची बायको, आवळे, साखरेचं पाणी, डिंक. हात जोडले. "माझं चुकलं, रुपीबाई. तू ओली बरणी भरली नव्हतीस."

तिनं मोळीची गाठ पुरी केली.

"ते मले सांगाले एवढ्या दूर आल्या? मले तं ठाऊकच व्हतं, म्या नाई भरली."

"तुला माहीत होतं? कोणी केलं ते?"

"तुमच्या साहेबाच्या बोटाले डिंक पाह्यला व्हता म्या. म्या मांडनी पुसत व्हती अन् ते पानी प्याले आले तवा."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमच्या घरधन्याचं नाव म्या घेतलं असतं, तं तुमी ऐकलं असतं का?"

तिनं पुढची मोळी जवळ ओढली.

मग ती म्हणाली, "हे तुमी गटात सांगतलं?"

"नाही. अजून नाही."

"मंग इथं कायले आल्या? चार जनीसमोर मले खोटी म्हनलं. आता माफी इथं उसात मांगता, कोनी नाई तिथं. जा, बाई. गाडी चुकन तुमची."

तिनं पाणी मात्र दिलं. तिच्याच लोट्यातून.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, चल परत म्हणायलाही मी विसरले. खरं तर विसरले नाही. धीर झाला नाही.


मंगळवार, ६ फेब्रुवारी

निघताना ह्यांनी दार अडवलं. अडवलं म्हणजे दारात उभे राहिले. "बाहेर सांगू नकोस. बरण्यांची भरपाई मी करतो, गटाला आणखी काही देऊ. माझी इज्जत तुझ्या हातात आहे, कुंदा."

"तिची तुमच्या हातात होती," मी म्हटलं आणि बाजूनं निघून गेले.

इंदूबाईंच्या ओसरीवर सगळ्या जमल्या होत्या. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. माझ्या नवऱ्यानं बरण्या उघडल्या. साखरेचं पाणी घातलं. रुपीबाईला हाकललं तेव्हा त्यांना माहीत होतं आणि ते गप्प राहिले. आणि मी तिला काही न विचारता, न तपासता दोषी ठरवलं.

कोणीतरी म्हणालं, "घरातलं घरात ठेवाचं ना, बाई."

इंदूबाईंचा चेहरा लाल झाला. "घरातलं कसं वं? तिले अंगनात उभी केलती, तवा आमी तिघी तिथं व्हतो. मी तं मान हलोली. तिचं पोट फाडेल हाये हे मले ठाऊक असून मान हलोली." मग मला म्हणाल्या, "कुंदाबाई, यापुढं काम माह्या घरी व्हईन. बरन्या इकडं आना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

घरी आले तेव्हा हे अंधारात बसले नव्हते की रागावलेही नव्हते. पेपर वाचत होते. न पाहता म्हणाले, "केलंस ना उघडं? बायकोनं असा विश्वासघात करावा, हे कुठं ऐकलं नव्हतं."

तोच शब्द मी गेले पंधरा दिवस ह्यांनी माझ्याशी जे केलं त्यासाठी वापरत होते.


रविवार, १८ मार्च

इंदूबाई स्वतः पुतण्याची जीप घेऊन हदगावला गेल्या. सोबत गटातल्या तिघी. मला चल म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. रुपीबाई आली. आधी पुसदला सरकारी दवाखान्यात आठ दिवस होती, टाक्यांपाशी सूज आली होती. आता बरी आहे, पण डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर अवघड होतं.

सगळ्यांसमोर तिला सांगितलं गेलं, खोट्या आम्ही होतो. ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मग बरण्या कुठं ठेवल्या ते विचारलं आणि एकेकीवर टिचक्या मारत बसली. वाहतुकीत तीन तडकल्या होत्या.

माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ द्या. झाकण आवळा. इतर वेळी ती माझ्याकडे पाहत नाही, मीही तिच्याकडे पाहत नाही.


गुरुवार, १२ एप्रिल

बदलीचा हुकूम आला. ते साहेब स्वतःच मार्चमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नव्यांना ह्यांचं नावही माहीत नाही. मे लागायच्या आत हजर व्हायचं आहे, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर.

हुकूम टेबलावर ठेवून हे म्हणाले, "सगळं फुकट गेलं."

मी वाट पाहिली. त्या 'सगळं'मध्ये रुपीबाई आहे का, मी आहे का, हे कळेल असं वाटलं. ते ट्रंकेचं कुलूप शोधू लागले.

मग विचारलं, "सामान एकदम न्यायचं की आधी खोली पाहून येऊ?"

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे लगेच नाही?"

"येणार नाही."

तेव्हा कुठं त्यांना कळलं. मग म्हणाले, "चार आवळ्यांसाठी?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. त्यांना खरोखरच ते चार आवळे वाटतात, आणि ते मला पहिल्या दिवसापासून कळायला हवं होतं.


रविवार, २९ एप्रिल

सकाळच्या गाडीनं हे गेले. डबा बांधून दिला, औषधं कुठल्या खणात ठेवायची ते सांगितलं. गाडी वळेपर्यंत थांबले. रडू आलं, ते येणारच होतं, इतकी वर्षं झाली. घरी परत जाववेना. तशीच इंदूबाईंकडे गेले.

कैऱ्या आल्या होत्या. ओसरीत बारदानावर सगळ्या फोडी करत बसलेल्या, मधोमध रुपीबाई, शेजारी धुतलेल्या बरण्या. माझे डोळे लाल असणार. कोणी काही विचारलं नाही. मी कडेला उभी राहिले.

रुपीबाईनं वर पाहिलं. "तुमचे साहेब गेले?"

"गेले."

"तुमी नाई गेल्या?"

"नाही."

मग ती पुढ्यातली कैऱ्यांची पाटी उचलायला गेली. मी झटकन पुढं होऊन ती उचलली, तिला उचलू दिली नाही. ती बारदानावर थोडी सरकली, आणि मी तिथं बसले.